मुंबईतलं कापसाचं टेसन

मागच्या वर्षी काकाजींना तपासणीसाठी परळच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मुक्काम शिवडीला, एका गाववाल्याच्या खोलीवर. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी जायला सांगितलं, तेव्हा काकाजी म्हणाले, आलोच आहो तर व्हीटी तरी पाहून घेऊ. शिवडीहून लोकलमध्ये बसलो. पुढचंच स्टेशन आलं आणि त्यांनी खिडकीतून पाटी मोठ्यानं वाचली, "कॉटन ग्रीन."

"कॉटन म्हंजे कापूसच नं बे?"

"हो काकाजी."

"मंग मुंबईत कोन पेरते कापूस?"

डब्यातली दोन-चार माणसं हसली. मी हसलो नाही, कारण यवतमाळ जिल्ह्यात पन्नास वर्षं पऱ्हाटी लावणाऱ्या माणसाला तो प्रश्न पडायलाच हवा होता. मशीद बंदर येईपर्यंत मी अर्धंमुर्धं उत्तर दिलं. उरलेलं गावी आल्यावर, कधी ओट्यावर तर कधी पानटपरीवर, तुकड्यातुकड्यानं सांगत राहिलो. ते इथं एकदा सलग लिहून काढतो.

पेरत कोणीच नव्हतं. 'ग्रीन' म्हणजे मोकळं मैदान. मुंबई जेव्हा कोटाच्या भिंतीआड होती, तेव्हा आत सेंट थॉमस चर्चच्या समोर एक मोठं मैदान होतं. जहाजात चढायची वाट पाहत कापसाच्या गाठी तिथं उघड्यावर थप्प्या लावून पडलेल्या असायच्या. येणाऱ्या-जाणाऱ्यांना चालायला वाट उरेना, आगीची भीती वेगळीच, म्हणून १८४४ मध्ये हा बाजार कुलाब्याला हलवला. तिथल्या मैदानालाही लोक कॉटन ग्रीनच म्हणू लागले. पुढे विसाव्या शतकात पूर्व किनाऱ्यावर समुद्रात भराव घालून जमीन काढली, शिवडीच्या बाजूला कापसाची गोदामं आणि कॉटन एक्स्चेंजची इमारत आली, आणि नाव दुसऱ्यांदा बिऱ्हाड घेऊन तिकडे गेलं. आमच्या तालुक्याच्या गावी बैलबाजार चौक आहे. तिथं आता मोबाईलची दुकानं आहेत, बैल दिसतो तो पोळ्यालाच. तसंच हे.

जुन्या कोटातलं ते पहिलं मैदान आज हॉर्निमन सर्कलची बाग म्हणून ओळखलं जातं. गोल बाग, भोवती एकसारख्या कमानींच्या इमारती. फोटो काढायला लोक येतात. तिथं कधी काळी वऱ्हाडातल्या कापसाचा ढीग पडायचा, हे सांगणारी पाटी मला तरी दिसली नाही.

बैलाच्या पाठीवरून

रेल्वे यायच्या आधी आपला कापूस मुंबईला जायचाच असं नव्हतं. बराचसा उलट्या दिशेनं जायचा. बंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर गोण्या लादून जबलपूरच्या वाटेनं गंगेकाठच्या मिर्झापूरला न्यायचे आणि तिथून नावेनं कलकत्त्याला. शेकडो मैल, महिनोन्महिने. वाटेत पाऊस लागला की कापूस भिजायचा, धुळीनं मळायचा, आणि पोचेपर्यंत निम्मी किंमत रस्त्यातच जिरायची.

मुंबईकडे पहिला मोठा माल वळवला तो पेस्तनजी आणि विकाजी या पारशी पेढीनं, १८२५-२६ मध्ये. सुमारे पाचशे बैलांवर लादलेला कापूस. या पेढीनं पुढे निजामाला इतकं कर्ज दिलं की त्याच्या बदल्यात वऱ्हाडातला महसूल गोळा करण्याचा हक्क त्यांच्याकडे आला, आणि औरंगाबादच्या टांकसाळीतून निघालेल्या रुपयाला लोक 'पेस्तनशाही' म्हणू लागले. मुंबईची एक खाजगी पेढी आणि तिच्या नावाचं नाणं! राजकारण फिरलं, निजामाच्या दरबारानं हक्क काढून घेतले, आणि पेढी बुडाली. मग १८५३ मध्ये निजामाच्या फौजेच्या खर्चाची थकबाकी दाखवून इंग्रजांनी वऱ्हाडच ताब्यात घेतलं. कापसाचा मुलूख हाती यावा हा हिशेब त्यामागे होता. पुढच्याच वर्षी नागपूरचं भोसल्यांचं राज्यही खालसा झालं.

त्याच १८५३ च्या एप्रिलमध्ये बोरीबंदर ते ठाणे पहिली आगगाडी धावली. ही तारीख शाळेत सगळ्यांनी पाठ केलेली असते. ती गाडी पुढे कुठं निघाली होती, हे मात्र पुस्तकात फारसं येत नाही. ती आपल्याकडे निघाली होती.

कुठली लढाई, कुणाची दिवाळी

१८६१ च्या एप्रिलमध्ये अमेरिकेत यादवी सुरू झाली. उत्तरेची राज्यं आणि दक्षिणेची राज्यं, मधे गुलामगिरीचा प्रश्न. दक्षिणेत गुलामांच्या श्रमावर कापूस पिकायचा आणि इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसापैकी जवळजवळ तीन चतुर्थांश तिथूनच यायचा. उत्तरेच्या आरमारानं दक्षिणेची बंदरं अडवली. कापूस तिकडेच अडकला, इकडे गिरण्या बंद पडल्या, लाखो मजूर घरी बसले.

आता गिरणीवाल्यांनी जगाच्या नकाशावर बोट फिरवलं आणि ते आपल्यावर येऊन थांबलं.

आपला कापूस त्यांना मनापासून आवडायचा असं मात्र अजिबात नाही. अमेरिकन कापसाचा धागा लांब, आपला आखूड. त्यांचे सूत कातायचे चाते लांब धाग्यासाठी बसवलेले, त्यावर आपला धागा सारखा तुटायचा. शिवाय गाठीत सरकी, माती, कधी वजनासाठी मारलेलं पाणी. भारतातून येणाऱ्या कापसाला तिकडे सरसकट 'सुरत' म्हणत, आणि तो शब्द भिकार मालासाठी शिवी म्हणून वापरात आला. देवा, कापूस पाठव, पण सुरतचा नको, अशी प्रार्थना मजूर करायचे असं सांगतात. भेसळ थांबवायला मुंबई सरकारनं १८६३ मध्ये खास कायदाही केला. आज खरेदी केंद्रावर ग्रेडर ओलावा मोजायचं यंत्र गाठोड्यात खुपसतो आणि आठ टक्क्यांच्या वर आकडा गेला की भाव कापतो, त्या भांडणाचे हे पणजोबा. काकाजींना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मंग बरोबरच हाय, पानी मारनारा तवाही होता." पाणी शेतकरी मारायचा की मधला व्यापारी, यावर आमचा वाद झाला. तो मिटला नाही.

पण 'सुरत'मध्येही प्रतवारी होती आणि त्यात आपली गावं होती. लिव्हरपूलच्या बाजारात वऱ्हाडी कापसाला 'उमराज' म्हणत. उमरावती, म्हणजे अमरावती, तिचं इंग्रजी तोंडात झालेलं रूप. त्याच्या वरची प्रत 'हिंगणघाट'. हिंगणघाटकडची 'बनी' जात मऊ, बारीक आणि त्यातल्या त्यात लांब धाग्याची, म्हणून तिला भाव जास्त. दुसरी 'जरी' जात जाडीभरडी, पण पिकायची भरपूर. शेवटी शेतकऱ्यांनी काय लावलं असेल हे सांगायला नको. हिंगणघाटचं नाव लिव्हरपूलच्या दलालांच्या रोजच्या बोलण्यात होतं, आणि आपल्याकडे आज ते कशानं ओळखलं जातं तर हायवेवरचं एक गाव म्हणून.

भाव किती चढला? युद्धाआधी लिव्हरपूलला अमेरिकन कापसाला पौंडामागे सात-आठ पेन्स पडायचे. १८६४ मध्ये तो तीसच्या आसपास पोचला. मागोमाग आपल्या कापसाचाही चढला. मुंबईत लोकांनी गाद्या उसवून आतला जुना कापूस विकायला काढल्याच्या गोष्टी आहेत. वर्धा-हिंगणघाटकडे काही पाटलांनी बंडीच्या चाकांना लोखंडाऐवजी चांदीच्या धावा बसवल्या असं तेव्हाचे इंग्रज अधिकारी लिहून गेले. मला त्यात थोडी तिखटमिठाची शंका येते. चांदी मऊ असते, आपल्या रस्त्यावर अशी धाव आठवडाभर टिकायची नाही. पण 'वऱ्हाड सोन्याची कुऱ्हाड' म्हणणाऱ्या मुलखात कुणी एखाद्यानं लग्नाच्या वरातीपुरतं केलंही असेल.

गंमत म्हणजे या सगळ्या तेजीत आगगाडी आपल्यापर्यंत पुरती पोचलेलीच नव्हती. रूळ खानदेश ओलांडून वऱ्हाडात शिरत होते. नागपूरला गाडी आली १८६७ मध्ये. खामगावला जलंबहून छोटा फाटा निघाला १८७० मध्ये, अमरावतीला बडनेऱ्याहून १८७१ मध्ये. म्हणजे दिवाळी उरकल्यावर दोन ते सहा वर्षांनी फटाके पोचले.

इसार चिठ्ठीचा खेळ

आता मुंबईत काय झालं ते. हा भाग जरा किचकट आहे, म्हणून आपल्या ओळखीच्या वाटेनं जाऊ.

समजा, समृद्धी महामार्गाचा नुसता बोलबाला सुरू झालाय. तुमच्या गावाजवळ महामार्गावरून खाली यायचा उतार निघणार अशी हवा आहे. एक दलाल येतो, एका शेतकऱ्याचं वावर ४० लाखांत ठरवतो, १ लाख इसार देतो, खरेदी सहा महिन्यांनी. त्याच्याकडे बाकीचे ३९ लाख नाहीत आणि ते आणायचा त्याचा विचारही नाही. महिन्याभरात तो ती इसार चिठ्ठी दुसऱ्याला ४५ च्या हिशेबानं देतो. दुसरा तिसऱ्याला ५२ च्या. तिसऱ्यानं बायकोचे दागिने सोनाराकडे ठेवून इसार भरलेला आहे. वावर जागेवरच आहे, त्यात तूर उभी आहे, आणि कागदावर तीन माणसं श्रीमंत झाली आहेत. खरेदीच्या आठवडाभर आधी कळतं की उतार दुसऱ्याच गावाला गेला. आता तिसरा म्हणतो मला नको, दुसरा म्हणतो मी कुठून आणू, पहिला फोन बंद करतो. इसार देणाऱ्या-घेणाऱ्यांची साखळी जितकी लांब, तितके जास्त लोक एका झटक्यात आडवे. आपल्याकडे असे दोन-चार तरी प्रत्येकाला माहीत असतात.

१८६४ ची मुंबई म्हणजे अख्ख्या शहरानं एकाच वेळी केलेला असा व्यवहार.

कापसाच्या तेजीनं नेहमीच्या व्यापारापेक्षा सत्तर-पंचाहत्तर दशलक्ष पौंड जास्तीचे शहरात आले असा अंदाज त्या काळी केला गेला. सोनंचांदी जहाजानं यायची. एवढा पैसा ठेवायचा कुठं? तेव्हा ना गिरण्या फारशा, ना कारखाने. मग कंपन्या निघाल्या. १८६५ च्या जानेवारीत मुंबईत ३१ बँका होत्या, १६ फायनान्शियल असोसिएशन होत्या, २० विमा कंपन्या होत्या. दहा वर्षांपूर्वी असलं काही जवळपास नव्हतंच. फायनान्शियल असोसिएशन नेमकं करायची काय? बहुतेकींचं काम एवढंच की दुसऱ्या कंपन्यांच्या शेअरवर कर्ज द्यायचं.

सगळ्यांत गाजली ती बॅक बे रेक्लमेशन कंपनी. मलबार हिलपासून कुलाब्यापर्यंतच्या उथळ समुद्रात भराव घालून जमीन काढायची आणि विकायची. शेअर पाच हजारांचा. लिलावात त्यावर पंचवीस हजारांहून जास्त प्रीमियम मिळाला आणि शेवटी भाव पन्नास हजारांच्या घरात गेला. पाण्याखालच्या, अजून न निघालेल्या जमिनीचा हा भाव. एकरी काय पडत होता हे कुणी विचारत नव्हतं. भाव उद्या चढणार आहे एवढं पुरेसं होतं.

या सगळ्याच्या मध्यभागी एक माणूस होता, प्रेमचंद रायचंद. सुरतेकडचा जैन, वय जेमतेम तिशी-पस्तिशी. इंग्रजी जाणणारा दलाल, ही तेव्हा दुर्मीळ चीज. लिव्हरपूलचे भाव टपालाच्या बोटीनं यायचे, तर त्याची माणसं लहान होडीतून समुद्रातच बोटीला गाठायची आणि किनाऱ्यावरच्या बाकीच्यांना कळण्याआधी भाव त्याच्या हातात. त्यानं शिफारस केली की बँका कर्ज देत आणि नवी कंपनी उभी राहत असे.

आणि बँका? बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा हिस्सा असलेली बँक. आधी तिला शेअर तारण ठेवून कर्ज द्यायला मनाई होती. १८६३ मध्ये कायदा बदलला आणि ती मोकळीक मिळाली. इथं खरी मेख आहे. सोनार दागिना ठेवून पैसे देतो तेव्हा सोन्याचा भाव त्या सोनाराच्या हातात नसतो. इथं बँकेनं शेअरवर कर्ज दिलं, त्या पैशातून लोकांनी तेच शेअर घेतले, त्यानं भाव चढला, चढलेल्या भावावर बँकेनं आणखी कर्ज दिलं. तारणाची किंमत आणि कर्ज एकमेकांना वर ढकलत राहिले. खाली जमीन अशी नव्हतीच, खरोखर समुद्रच होता.

शेवटची गाठ म्हणजे वायदा. शेअर आज ठरवायचे, पैसे आणि कागद पुढच्या तारखेला. एकाचा सौदा दुसऱ्याशी, दुसऱ्याचा तिसऱ्याशी, आणि त्यातल्या प्रचंड सौद्यांची तारीख एकच, १ जुलै १८६५. साऱ्या शहराची खरेदी एकाच दिवशी.

९ एप्रिल १८६५ ला दक्षिणेचा सेनापती ली शरण गेला. अमेरिका आणि इंग्लंड यांच्यातली समुद्राखालची तार तेव्हा सुरू नव्हती, बातमी बोटीनं लंडनला पोचली आणि तिथून इकडे. कापूस त्याआधीच डळमळायला लागला होता, आता कोसळला. शेअर त्यामागे. बॅक बेचा कागद घ्यायला कुणी तयार होईना. १ जुलैला ज्यानं पैसे द्यायचे त्याच्याकडे ते नव्हते, कारण त्याला ज्यानं द्यायचे त्याच्याकडेही नव्हते. दिवाळखोरांची गर्दी इतकी झाली की त्यांचं निस्तरायला वेगळा कायदा करावा लागला. बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये गुंडाळली आणि त्याच नावानं नवी काढली. १८६४ च्या शिरगणतीत मुंबईत ८,१६,५६२ माणसं मोजली होती, १८७२ मध्ये ६,४४,४०५ भरली. पावणेदोन लाखांचा खड्डा पडला.

काकाजींनी हे ऐकून एकच विचारलं, "मंग आपल्या इकडं?" इकडे वायद्याचा कागद नव्हता, पण ज्यानं चढत्या भावावर सावकाराकडून पैसा उचलला होता त्याचं देणं जुन्या भावानं राहिलं आणि कापूस नव्या भावानं गेला. सरकारचा शेतसारा मात्र कमी झाला नाही. मुंबईच्या पडझडीवर तेव्हापासून लिहिलं गेलंय. सावकाराच्या वहीत काय चाललं होतं ते लिहिणारा कुणी नव्हता.

मागे काय उरलं

त्या फुगलेल्या पैशातलं काही मात्र दगडात गेलं आणि टिकलं. १८६४ मध्ये प्रेमचंदनं मुंबई विद्यापीठाला दोन लाख ग्रंथालयासाठी आणि दोन लाख घड्याळाच्या मनोऱ्यासाठी दिले, मनोऱ्याला आईचं नाव द्यायचं म्हणून. आईला दिसत नव्हतं आणि जैन रिवाजाप्रमाणे सूर्यास्ताआधी जेवायचं तर टोल ऐकून वेळ कळावी, अशी एक कथा सांगतात. दिलेला पैसा परत मागता येत नव्हता, म्हणून दाता बुडाला तरी देणगी तरली. १८७८ मध्ये राजाबाई टॉवर पुरा झाला, २८० फूट. बॅक बे कंपनी मोडली, पण तिनं काढलेल्या किनाऱ्याच्या पट्टीवरून रेल्वे गेली. चर्चगेट ते मरीन लाइन्स लोकलनं जाताना जी जमीन खाली असते ती तीच. आणि उघड्यावर सौदे करून हात पोळलेल्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना बांधली, तिचाच पुढे मुंबई शेअर बाजार झाला.

एक धागा मात्र सरळ नागपूरला येतो. या पडझडीत बुडालेल्यांत नसरवानजी टाटांची पेढी होती. मुलगा जमशेटजी तेव्हा लंडनला बँक काढायच्या कामासाठी गेलेला, आणि हातातल्या कागदांची तिथंच रद्दी झाली. परत येऊन त्यानं नव्यानं सुरुवात केली, चिंचपोकळीला बंद पडलेली तेलाची गिरणी घेऊन तिची कापडगिरणी केली, ती विकली, आणि मग सगळे मुंबईत गिरण्या काढत असताना हा नागपूरला आला. त्याचा हिशेब साधा होता. कापूस इथं, कोळसा वरोऱ्याला, रेल्वे आलेली, मग गाठी शेकडो मैल मुंबईला नेऊन कापड परत इथंच विकायला कशाला आणायचं? जुम्मा तलावाजवळची, म्हणजे आजच्या गांधीसागराजवळची दलदल भरून गिरणी उभी राहिली. एका मारवाडी सावकारानं पैसे द्यायला नकार दिला, मातीत सोनं पुरायला निघालाय म्हणून, आणि पुढे स्वतःच कबूल केलं की यानं माती टाकून सोनं काढलं. १ जानेवारी १८७७, व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केली त्याच दिवशी गिरणी सुरू झाली, म्हणून नाव एम्प्रेस. सव्वाशे वर्षं चालली. आज त्या जागी मॉल आहे आणि त्याच्या नावातही एम्प्रेस आहे. म्हणजे हे नाव हलायला तयार नाही.

खंडीचंही तसंच. पेपरात कापसाच्या बातमीत रुईचा, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाचा, भाव खंडीला लिहिलेला असतो आणि आपण विचारतो क्विंटलला किती. खंडी हे मुंबई बाजाराचं जुनं माप, ७८४ पौंड, म्हणजे साधारण ३५६ किलो रुई. क्विंटलभर कापसातून ३३ ते ३५ किलो रुई निघते, बाकी सरकी आणि घट. तेव्हा एक खंडी म्हणजे ढोबळ मानानं साडेदहा क्विंटल कापूस. पौंड गेले, मण-शेर गेले, मुंबईची खंडी काही गेली नाही.

मशीद बंदर यायच्या सुमारास गाडीच्या डाव्या अंगाला गोदी लागते. काकाजी तिकडे पाहत होते, म्हणून तिथलंही सांगितलं. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकिन नावाचं जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं, सोन्याच्या १२४ विटा आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या ८,७०० गाठी. हा कापूस आपला नव्हता. दुपारी दोनच्या सुमारास खालच्या गाठीतून धूर दिसला. जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढायच्या कारखान्यात, काम केलेल्या माणसाला पुढचं सांगावं लागत नाही. दाबलेली गाठ भडकत नाही, आतल्या आत धुमसते. वरून पाणी मारलं तर वरचा थर भिजतो, आत विस्तव तसाच राहतो, आणि दोन दिवसांनी विझली म्हणून बाजूला ठेवलेली गाठ पुन्हा पेटते. जिनवाले उन्हाळ्यात रात्रभर जागतात ते यासाठी. इथं त्या धुमसणाऱ्या गाठींच्या वर स्फोटकं रचलेली होती. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासात दुसरा. आठशे ते तेराशे माणसं गेली असा अंदाज आहे, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जवान. दरवर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात तो त्यांच्यासाठी. तारीख बाबासाहेबांच्या जयंतीची, म्हणून लक्षात ठेवायला सोपी, पण बऱ्याच जणांना सप्ताह कशाचा ते ठाऊक नसतं.

राहिली एक गोष्ट, आणि गावात सगळ्यांत जास्त चालली ती हीच. अमेरिका पुन्हा कापूस विकू लागल्यावर जगाचा भाव न्यूयॉर्कच्या बाजारात ठरू लागला. तिथला उघडतानाचा आणि बंद होतानाचा भाव तारेनं मुंबईच्या कॉटन एक्स्चेंजला यायचा. व्यापारी त्यावर सौदे करायचे, आणि ज्यांच्याकडे कापसाचं एक बोंडही नव्हतं ते त्या आकड्यांवर पैसे लावायचे. उघडतानाचा आकडा म्हणजे ओपन आणि बंद होतानाचा म्हणजे क्लोज. १९६१ च्या सुमारास न्यूयॉर्कहून हे भाव येणं थांबलं. मग १९६२ मध्ये कल्याणजी भगत यानं आणि १९६४ मध्ये रतन खत्री यानं मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडे ठरवायला सुरुवात केली, म्हणून तो मटका. टपरीवर 'कल्याण' म्हणतात ते ठाण्याच्या पुढच्या कल्याणचं नाव नव्हे, कल्याणजीचं. कापूस निघून गेला, ओपन आणि क्लोज मागे राहिले.

हे मी एका संध्याकाळी पानटपरीवर सांगत होतो. काकाजी शेजारीच होते, सगळं आपणच शोधून काढल्यासारखे मान हलवत. सट्टापट्टी लिहिणारा आमच्या गावातला गडी कोपऱ्यात स्टुलावर बसून मन लावून ऐकत होता. लिव्हरपूल झालं, न्यूयॉर्क झालं, मडकं झालं. शेवटी त्यानं कानामागचं पेन काढलं, चिटोरं मांडीवर घेतलं आणि म्हणाला,

"हे समदं बराबर हाय भाऊ. पन आज ओपन काय येईन, थे सांग नं."